राखणीला कोण?

कोकरे बाई गेल्याचा फोन शाळेत आला तेव्हा मी सहलीच्या तयारीला बसले होते. डिसेंबरातली सहल असली की माझं टिपण दिवाळीच्या सुट्टीतच सुरू होतं. एसटीचं बुकिंग, पालकांच्या संमती, दोर, शिट्ट्या, औषधांची पेटी, जास्तीच्या चपला, कारण समुद्रावर कुणाची ना कुणाची चप्पल जातेच. आणि या सगळ्याच्या वर, एसटीच्याही आधी, एक ओळ असते : ‘राखणीला – को. बाई.’ गेली काही वर्षं ती मी विचार न करताच लिहीत आले होते. आमच्या क्लार्कने रिसीव्हर माझ्या हातात दिला. पलीकडे बाईंचे धाकटे भाऊ होते. “म्याडम, आक्का गेली. सकाळीच. पुण्याला न्यायला गाडी काढली तवर...” पुढे मी काय बोलले ते आठवत नाही. जागेवर परत आले आणि त्या पहिल्या ओळीकडे बघत बसले. ती खोडायची की तशीच ठेवायची, एवढाच प्रश्न डोक्यात होता. माणूस गेल्यावर माझ्यासारखीला आधी असलंच काहीतरी सुचतं.

ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. शालन कोकरे दौंड तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या. उंच, सडसडीत, नऊवारीतल्या बाईसारखी लांब ढांग टाकत चालणाऱ्या. बोलणं तोडून टाकल्यासारखं. वर्गात भाषा पुस्तकी, पण चिडल्या की घरची बोली बाहेर यायची, त्यामुळे त्या ‘हाय-न्हाई’वर आल्या की स्टाफरूम गप्प व्हायची. नव्वदीच्या अखेरीस पुण्यातल्या काही अभ्यासक मंडळींनी कोकणच्या किनाऱ्यावर शिक्षकांसाठी एक शिबिर घेतलं. खडकांवर, चिखलात, वाळूच्या पुळणीवर कोणते जीव आहेत ते शाळकरी मुलांकडून दरवर्षी मोजून घ्यायचं, आणि ते कसं घ्यायचं हे शिक्षकांना शिकवायचं. आमच्या भागातून एकट्या कोकरे बाई गेल्या, आणि परत आल्या त्या शिरूर-दौंडच्या शिक्षकांना हेच शिकवायचं असं ठरवूनच. लोक हसले. समुद्र कुठे, आपण कुठे! बाईंचं म्हणणं साधं होतं. आपल्या शाळांच्या सहली दर हिवाळ्यात कोकणात जातातच. मुलं भेळ खातात, कपडे भिजवतात, गाडीत उलट्या करतात आणि परत येतात. त्याच वेळात, त्याच खडकावर, दरवर्षी तीच मोजणी केली तर काही वर्षांनी तिथे काय वाढलं आणि काय संपलं ते आपल्या मुलांना सांगता येईल. “आपली भीमा नदीबी तिकडंच कुठंतरी जाती ना शेवटाला?” कुणीतरी म्हणालं. “ती दुसऱ्या बाजूच्या समुद्राला जाते,” बाई म्हणाल्या, “आणि हे तुम्ही सातवीला शिकवता.”

पहिलं प्रशिक्षण तळेगाव ढमढेऱ्याच्या एका शाळेच्या मैदानावर झालं. बाजाराचा दिवस होता. कुंपणापलीकडे जीपवाले ओरडत होते, आणि अलीकडे आम्ही जाणते शिक्षक फक्कीने आखलेल्या ‘खडका’वर उकिडवे बसून चिंचोके मोजत होतो. चिंचोके म्हणजे शिंपल्या, मक्याचे दाणे म्हणजे खडकाला चिकटून राहणारे पांढरे बारके जीव. मोजायच्या चौकटी आधी पाबळहून लोखंडी वेल्ड करून आणल्या होत्या. पहिल्याच वारीत खाऱ्या पाण्याने त्या अशा गंजल्या की पुढे बाईंनी ठिबकच्या उरलेल्या नळ्या कापून चौकटी केल्या. बाजाराला आलेले एक आबा कुंपणाशी थांबले. “काय हारपलंय का बाई?” त्यांनी मला विचारलं. “खेकडे शोधतोय, आबा.” “हितं?” म्हणत ते बराच वेळ मान हलवत उभे राहिले.

पण चौकट ठेवण्याआधी बाईंचा एक प्रश्न असायचा. रोज, प्रत्येक गटाला. “राखणीला कोण?” गटातल्या एकाने काहीही करायचं नाही. मोजायचं नाही, लिहायचं नाही, वाकायचंसुद्धा नाही. गळ्यात शिट्टी अडकवून फक्त पाणी बघायचं. आणि हे काम सगळ्यात हलकं म्हणून नवख्याला द्यायचं नाही, गटातल्या सगळ्यात जबाबदार माणसाला द्यायचं. जेवतानाही तेच. सगळे पंगतीला बसले की बाई उभ्या. पंगतीकडे पाठ करून, सगळ्यांचं आटोपेपर्यंत. आम्हाला वाटायचं उपास असेल, किंवा तऱ्हेवाईकपणा.

आमच्या गटात थोरवे सर राखणीला होते. दौंडकडचे, भीमाकाठचं बागायतदार घराणं, चुलते शाळा चालवणाऱ्या, बाईंच्याच संस्थेच्या कार्यकारिणीवर. शरीराने दणकट, आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा, आणि मनाने मोकळा माणूस. ते छाती काढून उभे होते. समोर दोन शिक्षक ‘भरती’ झालेला लांब दोर धरून एकेक पाऊल पुढे सरकत होते. तेवढ्यात बाईंनी दुसरा दोर आमच्या पाठीमागून आणून अलगद आमच्या भोवती टाकला.

“मेलात सगळे,” त्या म्हणाल्या.

“बाई, समुद्र पाठीमागनं येतो व्हय? चोर हाय का त्यो?” थोरवे सर हसत म्हणाले.

“व्हय. चोरच हाय.”

आम्ही सगळे हसलो. बाई हसल्या नाहीत.

त्यानंतर किनाऱ्यावर शिक्षकांचा सराव झाला. त्यात जो उतरेल त्यालाच मुलं न्यायची परवानगी, असं आधीच ठरलं होतं, आणि परवानगी द्यायची होती बाईंनी. पौर्णिमा नुकती होऊन गेलेली. सकाळची ओहोटी मोठी होती, समुद्र इतका मागे गेलेला की तळाचा काळा कातळ दूरवर उघडा पडला होता. आमच्या वाट्याला आलेला कातळ थोडा उंच आणि सलग होता. तो आणि पुळण यांच्यामध्ये एक चर होता, तो आम्ही चपला हातात घेऊन कोरडाच ओलांडला. कपारीतल्या पाण्यात समुद्रफुलं होती, बोट लावलं की मिटणारी. मी भान हरपून लिहीत होते. थोरवे सर कातळाच्या कडेला, समुद्राकडे तोंड करून, शिट्टी दातात धरून उभे. हे मी पुन्हा सांगते, कारण नंतर लोकांनी भलतंच सांगितलं. ते हलले नाहीत, कुणाशी बोलले नाहीत, त्यांनी एकदाही खाली वाकून काय सापडलं ते पाहिलं नाही. लाट कुठवर येते यावर त्यांचा डोळा होता. आणि लाट अजून लांब होती.

शिट्टी वाजली ती आमच्या मागून. बाई दुसऱ्या गटाबरोबर पुळणीच्या बाजूच्या खडकावर होत्या. मी वळले तर मघाचा कोरडा चर पाण्याने भरलेला. पाणी समोरून आलंच नव्हतं. ते बाजूने, कातळाला वळसा घालून, आवाज न करता आत शिरलं होतं, आणि चरातून चांगल्या ओढीने पुळणीकडे वाहत होतं. समोर समुद्र अजून तसाच शांत. क्षणभर कुणाला काही कळेना. मला पोहता येत नाही.

“काही नाही, पोहून जाऊ,” थोरवे सर सदऱ्याच्या बाह्या सारत म्हणाले. “लहानपणापास्नं विहिरीत उड्या मारतोय आपण.”

“थोरवे, जाग्यावर थांबा!” पलीकडून बाई ओरडल्या. “पवायचं न्हाई! कुणीबी पवायचं न्हाई! विहिरीचं पाणी ओढून न्हेत न्हाई!”

मोजमापाचा गाठी मारलेला दोर त्यांच्याकडे होता. त्याचं एक टोक त्यांनी पलीकडच्या शिक्षकांच्या हातात दिलं, त्यांना वाळूत टाचा रोवून बसवलं, आणि दुसरं टोक कमरेला बांधून त्या स्वतः चरात उतरल्या. पाणी त्यांच्या कमरेला लागत होतं. ओढीकडे तोंड करून, खेकड्यासारख्या आडव्या चालत त्या आमच्यापर्यंत आल्या आणि दोर कातळाच्या एका सुळक्याला बांधला. “संध्या, तू पहिली. दोर सोडायचा नाही. पाय उचलायचा नाही, घासत न्यायचा. माझ्याकडं बघू नको, दोराकडं बघ.” मी उतरले. थंडी अशी की श्वास वर ओढला गेला. पायाखाली शेवाळ, एक पाय घसरला की दुसरा... मधोमध पाणी छातीला लागलं आणि दोर हातात जिवंत असल्यासारखा थरथरला. कुणीतरी पदराला धरून मला वाळूवर ओढलं. मग एकामागून एक बाकीचे. पोहता येणाऱ्याला बाईंनी शेवटचा ठेवला, स्वतःच्याही मागे. थोरवे सर निघाले तोवर पाणी वाढलं होतं. मध्यावर त्यांचा पाय सुटला, डोकं दिसेनासं झालं, आणि दोर ताणला जाऊन पुळणीवरची माणसं पुढे फरफटली. ते वर आले ते खोकत. नडग्या खडकावरच्या शिंपल्यांनी सोलवटून निघाल्या होत्या.

वाळूवर बाई आमच्यातून फिरल्या. प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत गेल्या, मेंढरं मोजतात तशा. सगळे आहेत असं कळल्यावर मगच त्या खाली बसल्या.

“मी डोळा हलवला न्हाई, बाई,” थोरवे सर म्हणाले. “आईशप्पथ सांगतो.”

“माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “तुम्ही नदीची राखण केली, सर. पाणी एकाच अंगानं येतं असं धरून. हा समुद्र आहे.”

परतीची गाडी घाट चढली. बाई माझ्या शेजारी होत्या. वर पठारावर वारा लागल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं, एकदाच, आणि नंतर कधी नाही. त्यांच्या घरची मेंढरं होती. दसरा झाला की सगळं कुटुंब मेंढरांची खांड घेऊन कोकणात उतरायचं, खतासाठी शेतांत मेंढरं बसवायची, त्या बदल्यात भात घ्यायचा. जेवायच्या वेळी एकाने उपाशी उभं राहायचं ही त्यांची रीत. लांडगा असो, चोर असो, मेंढरांना जेवणाची सुट्टी नसते. एका वर्षी खाडीकाठच्या सपाट ओल्या जमिनीवर मेंढरं चरत होती. सगळी दमली होती. वडील म्हणाले, आज मोकळं रान आहे, सगळ्यांनी बसू. भाकरी संपेपर्यंत खाडी मागून भरली. निम्म्याहून जास्त खांड गेली. “माणूस कुणी गेलं नाही. पण आप्पांनी त्यानंतर काठी धरली नाही. उरलेली मेंढरं विकली आणि दौंडला येऊन दुसऱ्याच्या रानात कामाला लागले.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “एका जागी राहिलो म्हणून मी शाळेत गेले. ते पाणी आलं नसतं तर मीही आज काठी घेऊन हिंडत असते. त्यामुळं त्या पाण्याला शिव्या द्यायच्या की नाही, हे माझं अजून ठरत नाही.” मग खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, “थोरव्यांना मी पोरं देणार नाही.”

इथून खरा ताण सुरू झाला. थोरवे सरांच्या शाळेची सहल ठरलेली होती, मुलांनी चौकटी बनवून ठेवल्या होत्या, घरोघरी समुद्राच्या गप्पा चालल्या होत्या. तालुक्याच्या सहलींचं नियोजन माझ्याकडे असल्याने संस्थेच्या शिरूरच्या कार्यालयात बाईंबरोबर मलाही बोलावलं गेलं. सरांचे चुलते समोर बसले होते. आवाज चढवला नाही, चहा मागवला.

“बाई, झालं ते झालं. सगळे सुखरूप आले ना? आता पोरांचा हिरमोड कशाला करता? आमचा माणूस नदीकाठचा हाय, पाण्याला भिणारा न्हाई.”

“तेच तर, मामा. न भिणारा माणूस मला राखणीला नको.”

“तुमी देत न्हाई म्हंजी काय? शाळा कुणाची हाय?”

“शाळा तुमची. पोरं लोकांची हायत.”

चहा तसाच राहिला. बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, जरा मवाळ घ्यायला हवं होतं, पुढच्या वर्षी पुन्हा घेऊ असं सांगता आलं असतं. बाई ढांगा टाकत स्टँडकडे निघाल्याच होत्या. “संध्या, तू सांगितलं असतंस गोड बोलून. मला येत नाही. तू ते शीक, मी हे सांभाळते.” ती सहल रद्द झाली. जूनमध्ये बाईंची बदली संस्थेच्या कुरकुंभजवळच्या शाखेत झाली. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, वारा फिरला की रसायनाच्या कंपन्यांचा वास वर्गात, आणि घरून दोन गाड्या बदलून जायचं. आदेशात कारण लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. बाई गेल्या. तिथेही त्यांनी शिकवायला शिक्षक गोळा केले. थोरवे सर त्यांच्याशी वर्षभर बोलले नाहीत. एका लग्नात समोरासमोर आले, तेव्हा सर पाणी प्यायला म्हणून उठून गेले.

पुढच्या खेपेचं प्रशिक्षण पुन्हा तळेगावच्या मैदानावर होतं. सकाळी फक्की मारून झाली आणि फाटकातून थोरवे सर आत आले. माझ्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, आता काहीतरी होणार. चुलत्यांचा निरोप असेल, नाहीतर भांडण. ते सरळ बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

“बाई, परत शिकायला आलोय. बसू का?”

“बसू नका,” बाई म्हणाल्या. “उभं राहा.”

त्यांनी शिट्टी त्यांच्या गळ्यात घातली. दिवसभर दुसरं काही काम दिलं नाही. ऊन चढलं, बाकीचे आळीपाळीने सावलीला गेले, सर उभेच. बाईंनी दोर समोरून आणला, डावीकडून आणला, शाळेच्या इमारतीआडून आणला. ते आता पुतळ्यासारखे उभे राहत नव्हते. सावकाश, थांबत थांबत, जागच्या जागी पूर्ण फिरत होते. प्रत्येक वेळी शिट्टी वाजली. दुपारी बाईंनी जेवायची सुट्टी जाहीर केली, सगळे डबे उघडून बसले, आणि पाण्याच्या टाकीकडून दोन शिक्षक गुपचूप दोर घेऊन निघाले. शिट्टी इतक्या जोरात वाजली की माझ्या हातातला घास खाली पडला. थोरवे सरांनी डबा उघडलाच नव्हता.

त्या हिवाळ्यात ते मुलांना घेऊन गेले. मीही होते, बाईही होत्या, मुद्दाम लांब, पुळणीवर. कातळ तोच, चर तोच. मुलं खडकावर पसरली. कुणाला तारामासा सापडला म्हणून आरडाओरडा झाला आणि सगळी तिकडे धावली. मी चराकडे बघत होते, सरांकडे बघत होते, बाईंकडे बघायचं धाडस होत नव्हतं. चरात पाण्याची एक बोटभर जीभ आली, खडे भिजवण्यापुरती. त्याच क्षणी शिट्टी वाजली. मुलं कुरकुरायला लागली. “सर, आत्ताच तर आलोय! पाणी कुठंय?” “सर, तारामासा!” सरांचा तो मैदानभर जाणारा आवाज आला, “तारामासा हितंच राहतो, तो कुठं जात न्हाई. तुमी चला!” ओढून, दटावून त्यांनी शेवटचं पोर अलीकडे आणलं तेव्हा पाणी मुलांच्या घोट्यालाही लागलं नाही. थोड्याच वेळात तो चर भरून वाहायला लागला आणि कुरकुरणारी सगळी मुलं त्याच्याकडे बघत उभी राहिली. सर प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत निघाले होते.

सुरूच्या झाडांखाली डबे उघडले. थोरवे सर सवयीने बाजूला उभे राहायला गेले, तर बाई त्यांच्याजवळ आल्या. “आता जेवा, सर,” म्हणाल्या. “राखणीला मी हाय.” प्रमाणपत्र वगैरे त्यांनी कुणालाच कधी दिलं नाही. सरांनी मान खाली घालून जेवण केलं. मी त्यांच्या शेजारीच बसले होते, पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

त्यानंतर बाईंच्या हाताखालून दोन्ही तालुक्यांतले किती शिक्षक गेले, त्यांची नावं माझ्याकडे आहेत, पण ती इथे देत नाही. एक गोष्ट मात्र लिहून ठेवते, कारण बाई ती कधीच बोलल्या नसत्या. आमच्या एकाही सहलीत एकाही मुलाला काही झालं नाही. न झालेल्या गोष्टीची बातमी होत नाही आणि सत्कारही होत नाही. दिवाळीआधी मी त्यांना भेटायला गेले होते. पायावर सूज होती, दम लागत होता, तरी मला चहा देऊन स्वतः दाराच्या चौकटीला टेकून उभ्या. “बसा की हो बाई, घरात कुठलं पाणी येतंय?” मी म्हटलं. “सवय गं,” त्या म्हणाल्या, आणि बसल्या नाहीत.

तेराव्याचं जेवण त्यांच्या भावाच्या वस्तीवर होतं, भीमेच्या काठाला. माणसं पुष्कळ होती. कुरकुंभचे जुने विद्यार्थी कंपनीची शिफ्ट संपवून तसेच गणवेशात आले होते. पंगती बसल्या. वाढप्यांची धावपळ सुरू झाली. माझ्या शेजारची जागा मी थोरवे सरांसाठी धरली होती. ते आले, पण बसले नाहीत. चालत पंगतीच्या टोकाला गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. बाईंचे भाऊ हातातली वरणाची बादली घेऊन तसेच त्यांच्यामागे गेले. “सर, असं नका करू. बसा ना पंगतीला.”

“तुमी उरकून घ्या, दादा,” थोरवे सर म्हणाले. “मी हाय राखणीला.”

भाऊ तिथेच थांबले. मग बादली सावरून वाढायला परत वळले. नदीला तेव्हा पाणी असं नव्हतंच. वाळू उपसून पडलेल्या खड्ड्यांत थोडं थोडं साचलेलं, त्यात बगळे उभे. सरांनी त्या नदीकडे पाहिलं. मग सावकाश वळले, आमच्या मागच्या उसाकडे पाहिलं, वस्तीकडे पाहिलं, शेवटच्या पंगतीतली पोरं जेवत होती त्यांच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा नदीकडे वळले. सगळ्यांचं आटोपेपर्यंत ते असेच फिरत राहिले.